गवसणींतला माणूस

आन्तोन चेकॉव्हची 'गवसणींतला माणूस' ही कथा वाचून हंसूं आलें नाहीं असा वाचक आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. आम्हीं स्वतः ती प्रथम वाचली तेव्हां मनमुराद हंसलों होतों. मध्यें बरींच वर्षें गेलीं, आणि अलीकडे तीच कथा पुन्हां हातीं आली तेव्हां हंसूं ओठांवर येऊन अर्ध्या वाटेंत थांबलें. मधल्या काळांत आम्हीं या कथेच्या नायकासारखीं एकदोन माणसें जवळून पाहिलीं होतीं, आणि त्या जातीच्या स्वभावाविषयीं मनोविकारशास्त्र काय म्हणतें तेंहि थोडेंबहुत वाचलें होतें. त्या दुसर्‍या वाचनाची हकीकत येथें सांगावयाची आहे. मूळ रशियन नांवांतील शब्दाचा अर्थ पेटी, म्यान, आवरण असा कसाहि होईल. परंतु तंबोर्‍याला घालतात ती गवसणी आम्हांस अधिक जवळची वाटली, म्हणून तोच शब्द पत्करला आहे.

कथा १८९८ सालची. शिकारीहून परततां उशीर झालेले दोन इसम, गुरांचा डॉक्टर इव्हान इव्हानिच आणि शाळामास्तर बुर्किन, एका खेड्याच्या कडेला कोठारांत रात्र काढीत आहेत, आणि बुर्किन दोन महिन्यांपूर्वीं वारलेल्या आपल्या सहशिक्षकाची गोष्ट सांगतो आहे. हा बेलिकॉव्ह ग्रीक भाषेचा शिक्षक. लख्ख ऊन पडलेलें असलें तरी याच्या बुटांवर रबरी जोडे चढविलेले, हातांत छत्री, अंगांत कापूस भरलेला कोट. छत्रीला गवसणी, घड्याळाला गवसणी, चाकूलाहि गवसणी. कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि भाड्याच्या गाडींत बसला कीं तिचें छप्पर वर चढवावयाचें. त्याला नीट कळत असे तें एकच वाङ्मय : अमुक एक गोष्ट करूं नये असें सांगणारीं सरकारी परिपत्रकें. मनाई झाली म्हणजे त्याला हायसें वाटे. परवानगी मिळाली कीं संशय. गांवांत नाटकमंडळी निघो, वाचनालय निघो कीं चहाचें दुकान निघो, तो मान हलवी आणि यांतून कांहीं भलतें उद्भवूं नये म्हणजे मिळवली अशी धास्ती व्यक्त करी. पंधरा वर्षें या एका माणसानें शाळाच नव्हे, सारा गांव धाकांत ठेवला. बायकांनीं शनिवारचीं घरगुती नाटकें सोडलीं; पाद्री त्याच्यादेखत पत्ते खेळेनासे झाले.

टीकाकारांनीं या बेलिकॉव्हला बहुधा झारशाहींतील दडपशाहीचें प्रतीक मानलें आहे, आणि तें चुकीचें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रतीक म्हटलें कीं माणूस नाहींसा होतो. चेकॉव्ह १८८४ सालीं मॉस्को विद्यापीठांतून वैद्यकी शिकून बाहेर पडलेला डॉक्टर होता. रोग्याच्या खोलींत शिरतांच उशापायथ्याच्या चार वस्तु टिपून घेण्याची वैद्याची नजर या कथेंत ठायीं ठायीं दिसते. ज्याला आज इंग्रजी नांवानें ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, आणि आपण ज्याला काटेकोरपणाची स्वभावविकृति म्हणूं, तिचें याहून सजीव चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हात पुन्हां पुन्हां धुणें, कुलूप दहादां ओढून पाहणें, यास आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. तो निराळा विकार आहे. मंत्रचळ लागलेल्या माणसास आपला विचार वेडगळ आहे हें बहुधा कळत असतें, आणि तो त्याच्या जाचानें कासावीस होतो. काटेकोरपणाच्या विकृतींत याच्या उलट प्रकार. येथें माणसास आपलेंच बरोबर आहे अशी खात्री असते. वेडगळ असतें तें बाकीचें जग. म्हणूनच असा मनुष्य होऊन वैद्याकडे जात नाहीं. बायको नेते, मालक पाठवितो, किंवा नोकरी सुटून अथवा आजार येऊन नियमांचा डोलारा कोसळतो आणि मागें जी उदासीनता उरते ती त्याला दवाखान्यांत आणते.

फ्रॉइडनें १९०८ सालच्या एका छोट्या निबंधांत टापटीप, चिक्कूपणा आणि हट्ट हे तीन गुण एकाच माणसांत एकत्र नांदतात असें दाखविलें. त्याची जी कारणमीमांसा त्यानें लहान मुलाच्या शौचाच्या शिकवणुकींत शोधली ती आतां फारशी कोणी धरून बसत नाहीं. पण तीन गुणांची ती मोळी सुटली नाहीं. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघाचा जो निदानग्रंथ आज जगभर वापरतात त्यांत या विकृतीचीं आठ लक्षणें दिलीं आहेत : नियम, याद्या व तपशील यांत इतकें गुंतणें कीं मूळ कामच विसरावें, निर्दोषपणाच्या हव्यासानें काम पुरें न होणें, कामापायीं विसांवा व मित्र सोडणें, नीतीच्या बाबतींत अतिरेकी ताठरपणा, निरुपयोगी जुन्या वस्तु टाकवत नसणें, दुसर्‍यावर काम सोंपवितां न येणें, पैशाविषयीं कृपणता, आणि हट्ट. यांपैकीं चार असलीं म्हणजे निदान करतां येतें, अर्थात् त्यांनीं आयुष्याची नासाडी होत असेल तर. त्याच ग्रंथाच्या अंदाजाप्रमाणें शंभरांत दोनपासून जवळजवळ आठपर्यंत माणसें यांत मोडतात. म्हणजे ज्या वाड्यांत, चाळींत वा इमारतींत वाचक राहत असेल तेथें एखादा बेलिकॉव्ह असावा असें मानावयास हरकत नाहीं. आमच्या बेलिकॉव्हच्या अंगीं आठांपैकीं नियमांचा ध्यास, नीतीचा ताठरपणा आणि हट्ट हीं तीन तर ठसठशीत आहेत. तो कृपण होता कीं नाहीं हें चेकॉव्ह सांगत नाहीं. पण कथेंतील माणसाला आठ कप्प्यांत मोजून बसविणें हाहि एक बेलिकॉव्हपणाच होईल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून अमलांत आणलेल्या नव्या वर्गीकरणांत स्वभावविकृतींचे बहुतेक जुने कप्पे मोडून टाकले आहेत, आणि विकृति किती खोल गेली आहे हा प्रश्न पुढें ठेवला आहे. वैद्यांनीं आपली गवसणी थोडी सैल केली म्हणावयाची.

आतां कथेंतील ज्या जागीं आमचें हंसूं थांबलें तिकडे वळतों. बुर्किन हा बेलिकॉव्हचा शेजारी. त्याच्या खोलीचें वर्णन तो ओझरतें करतो. खोली पेटीसारखी लहान, पलंगाला पडदे. बेलिकॉव्ह निजतांना डोक्यावरून पांघरूण घेई. आंत उकडे, गुदमरल्यासारखें होई. बाहेर बंद दारांवर वारा आपटे. आणि पांघरुणाखालीं तो भीत असे : कांहीं भलतें होईल, म्हातारा स्वयंपाकी अफानासी आपला गळा कापील, चोर येतील. रात्रभर वाईट स्वप्नें पडत. आणि सकाळीं तो पांढराफटक होऊन शाळेला निघे. ज्या माणसाला सारा गांव पंधरा वर्षें भ्याला तो स्वतः प्रत्येक रात्रीं भीत होता, ही गोष्ट चेकॉव्हनें फारसा गाजावाजा न करितां मध्येंच सांगून टाकली आहे. बुर्किनला तिचें महत्त्व कळलेलें दिसत नाहीं. तो लगेच पुढच्या गमतीकडे वळतो. पण विकृतीचें मर्म येथेंच आहे. नियम हा या माणसाचा अहंकार नव्हे, तो त्याचा आडोसा आहे. आणि आडोसा जितका मोठा करावा तितकी बाहेरची मोकळी जागा भयंकर दिसूं लागते.

दुसरी जागा लग्नाची. शाळेंत कोव्हालेंको नांवाचा नवा शिक्षक येतो. त्याची बहीण वारेंका तिशीची, हंसरी, गाणारी. हेडमास्तरांच्या पत्नीसह गांवांतल्या बायका ठरवितात कीं या दोघांचें जमवून द्यावें. (एकदां लग्न झालें म्हणजे येईल ताळ्यावर, हा उपचार केवळ आपल्याच घरांतून सुचविला जातो असें समजण्याचें कारण नाहीं.) बेलिकॉव्ह वारेंकाचा फोटो टेबलावर ठेवतो, तिच्याकडे जातो, लग्न ही किती गंभीर गोष्ट आहे हें बोलत राहतो, आणि निर्णय कांहीं करीत नाहीं. अंगावरच्या जबाबदार्‍या आधीं तोलून पाहिल्या पाहिजेत असें त्याला वाटतें. त्याला झोंप येईनाशी होते, तो वाळत जातो. डेव्हिड शापीरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत या वृत्तीचें जें विवेचन केलें आहे तें वाचतांना आम्हांस एकसारखी हीच पानें आठवत होतीं. शापीरोच्या मतें या मनुष्याच्या मनांत 'पाहिजे' हा शब्द फक्त कर्तव्याच्या अर्थानें उरलेला असतो. इच्छेच्या अर्थानें तो कोठें गेला हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें. जेथें नियम आहे तेथें तो झपाट्यानें चालतो. जेथें केवळ स्वतःला काय हवें एवढाच प्रश्न असतो तेथें त्याचे पाय लटपटतात, कारण त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि परिपत्रकांत नसतें.

पुढचें सर्वांस ठाऊक आहे. एक चावट इसम प्रेमांत पडलेल्या बेलिकॉव्हचें व्यंगचित्र काढून गांवभर पाठवितो. त्यानंतर लगेच वारेंका आणि तिचा भाऊ सायकलवर बसून जातांना बेलिकॉव्हला दिसतात. शिक्षकानें सायकलवर बसावें! दुसर्‍या दिवशीं तो कोव्हालेंकोला कर्तव्य म्हणून समज द्यावयास जातो, हें संभाषण वरिष्ठांस कळविणें भाग आहे म्हणतो, आणि कोव्हालेंको त्याला जिन्यावरून ढकलून देतो. रबरी जोड्यांसकट गडगडत तो खालीं येतो, आणि नेमकी त्याच वेळीं दारांतून आलेली वारेंका त्याला पाहून खदखदां हंसते. तो घरीं जातो, टेबलावरचा फोटो काढून टाकतो, अंथरुणाला लागतो, आणि महिनाभरांत मरतो.

एवढ्या वर्षांत गांवानें या माणसावर उपचार केले ते तीन : त्याचें लग्न जमवून पाहिलें, त्याला जिन्यावरून ढकललें, आणि त्याला हंसलें. तिन्ही उपचार आपणहि आपल्या घरांतल्या काटेकोर माणसांवर थोड्याफार फरकानें करीत असतों, आणि म्हणून हा प्रसंग आम्हांस आतां पूर्वीसारखा विनोदी वाटत नाहीं. आणखी एक गोष्ट. बेलिकॉव्ह पडून राहिल्यावर तिसर्‍या दिवशीं म्हातारा अफानासी बुर्किनकडे येऊन विचारतो कीं, मालकांचें कांहीं ठीक दिसत नाहीं, डॉक्टरला बोलावूं का? बुर्किन आंत डोकावतो. बेलिकॉव्ह पडद्यामागें पांघरुणांत निपचित आहे, हो-नाहींपलीकडे बोलत नाहीं. त्यानंतर लवकरच येणारें वाक्य महिन्यानंतरच्या मृत्यूचें आहे. एका डॉक्टरनें लिहिलेल्या या कथेंत रोग्याच्या उशाशीं डॉक्टर येतच नाहीं. सारे सुशिक्षित; प्रश्न सुचला तो एकट्या अफानासीला.

कथेच्या शेवटासंबंधीं मात्र आमचा चेकॉव्हशीं मतभेद आहे. प्रेतयात्रेहून परततांना गांवाला, वडील माणसें बाहेर गेल्यावर मुलांना वाटावें तसें, मोकळें वाटतें; आणि आठवड्याच्या आंत पहिलाच रुक्ष क्रम पुन्हां सुरू होतो. येथपर्यंत लेखकाची पकड विलक्षण आहे. पण मग इव्हान इव्हानिच उठून म्हणूं लागतो कीं, आपलें हें शहरांत कोंडून राहणें, निरर्थक कागद खरडणें, पत्ते कुटणें, ही गवसणीच नव्हे काय? हा विचार उदात्त आहे खरा, परंतु सारेच गवसणींत आहेत असें म्हटलें कीं बेलिकॉव्हचें दुखणें कोणाचेंच दुखणें राहत नाहीं. पांघरुणाखालीं रात्रभर भिणार्‍या माणसाला त्यामुळें आपण पुन्हां एकदां प्रतीक करून टाकतों.

त्याच्यावर खरा उपचार कोणता झाला असता? खास या विकृतीसाठीं म्हणून औषध नाहीं. सोबत उदासीनता किंवा चिंता असेल तर तिच्यासाठीं औषधें देतात. मुख्य उपाय बोलण्याचा, आणि तो महिनोन्‌महिने चालणारा. नियमांविषयीं वाद घालून कांहीं साधत नाहीं. त्या शास्त्रांत रोगी वैद्याच्या वरचढ असतो. म्हणून वैद्य नियमाच्या मागची भीति विचारतो : हें असें झालें नाहीं तर नेमकें काय होईल असें तुम्हांस वाटतें? तें उत्तर रोग्याच्याच हातानें लिहवून घ्यावयाचें, आणि मग लहानसा प्रयोग करावयाचा. पत्र दुसर्‍यांदा न वाचतां पेटींत टाकावें. जेवणाच्या ताटावर वाटी जरा वांकडी राहूं द्यावी. एक काम बायकोवर किंवा हाताखालच्या माणसावर सोंपवावें आणि तें त्याच्या रीतीनें होऊं द्यावें. लिहून ठेवलेला अनर्थ झाला कीं नाहीं हें नंतर दोघांनीं मिळून ताडून पाहावें. बहुधा होत नाहीं. आणि क्वचित् थोडासा झालाच तर तो सोसवतो, हें कळणें अधिक मोलाचें. यांत एक मौजेची अडचण येते. रोगी वैद्यानें दिलेला अभ्यासहि निर्दोष करून आणतो, वहीला समास आंखून, आणि चुकण्याच्या प्रयोगांत आपण कोठें चुकलों तर नाहीं ना याची काळजी करतो. कुशल वैद्य यावर रागावत नाहीं; रोग स्वतःच खोलींत येऊन बसला म्हणून त्याला तो दाखवून देतो.

थॉमस लिंच यांनीं २०१८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलेली दिशा आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. संयम कमी पडल्यामुळें होणारे रोग आपल्याला माहीत आहेत. संयम जास्त झाल्यामुळेंहि रोग होतो, आणि त्याचें मुख्य फळ एकटेपणा, असें त्यांचें म्हणणें. ज्याचा चेहरा कधीं कांहीं सांगत नाहीं त्याच्याजवळ लोक बसत नाहींत. म्हणून त्यांच्या उपचारांत हंसणें, खेळणें, चुकीची कबुली देणें, मनांतलें चेहर्‍यावर येऊं देणें यांचें शिक्षण आहे. बेलिकॉव्ह सहकार्‍यांकडे जाऊन तासभर मुकाट बसे आणि उठून जाई. सलोख्याचे संबंध राखणें तो आपलें कर्तव्य समजे. त्याला यावेसें वाटत होतें कीं काय, हें त्याला कोणीं विचारलें नाहीं. या सर्व उपचारांवर इतर विकारांच्या मानानें संशोधन थोडें झालें आहे हें नमूद केलें पाहिजे. पण स्वभावाला औषध नाहीं ही म्हण येथें खरी नाहीं, एवढें निश्चित म्हणतां येतें.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक होते. आयुष्यभर मराठी व संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ही गोष्ट घरोघरीं टेलिफोन येण्याच्या आधींची. त्यांची मुलगी सासरहून पत्र लिही, आणि हे तिच्या पत्रांतील र्‍हस्वदीर्घाच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त करून तेंच पत्र तिच्याकडे परत पाठवीत. चूक दाखविली नाहीं तर सुधारणार कशी, असें ते आम्हांस मोठ्या सरळपणें म्हणत. मुलगी आरंभीं हंसे. मग पत्रें आंखूड झालीं, मग 'सर्व खुशाल' एवढ्यापुरतें कार्ड येऊं लागलें. आम्हीहि त्यांच्या पाठीमागें या तांबड्या शाईवर पुष्कळ विनोद केले आहेत. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनें कपाटांतून एक गठ्ठा काढून आमच्यापुढें ठेवला. परत पाठविण्यापूर्वीं त्यांनीं मुलीचें प्रत्येक पत्र स्वतःच्या वळणदार अक्षरांत उतरून घेतलें होतें, तारीखवार, शुद्ध करून. शेवटचीं तीं एका ओळीचीं कार्डेंसुद्धां. "भाऊजी, हें तिला दाखवूं कीं नको?" त्या विचारीत होत्या. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्या गठ्ठ्याची आठवण आम्हांस पुढें काम्यूच्या १९४७ सालच्या 'ला पेस्त' या कादंबरींत पुन्हां झाली. ओरान शहरांत प्लेग आला आहे, आणि ग्रां नांवाचा नगरपालिकेचा गरीब कारकून रात्रीं बसून कादंबरी लिहितो आहे. म्हणजे तिचें पहिलें वाक्य लिहितो आहे. घोड्यावरून फेरफटका करणार्‍या एका स्त्रीविषयींचें. वाचतांच प्रकाशकानें उठून नमस्कार करावा असें तें वाक्य त्याला हवें आहे, आणि प्रत्येक विशेषणाशीं त्याचें रात्र रात्र भांडण चालू आहे. शब्द सांपडत नाहीं हेंच त्याच्या आयुष्याचें दुखणें. त्याची बायको झान त्याला सोडून गेली तेव्हां तिला थोपविणारा शब्द त्याला सांपडला नव्हता. आणि तिला लिहावयाचें पत्रहि तेव्हांपासून तसेंच राहिलें आहे. बेलिकॉव्हचा जुलूम बाहेर गांवावर चालतो, ग्रांचा आंत स्वतःवर. हा भेद आतां शास्त्रानेंहि केला आहे : ह्यूइट व फ्लेट यांनीं १९९१ सालीं निर्दोषपणाच्या हव्यासाचे तीन प्रकार पाडले, स्वतःकडून अपेक्षिलेला, दुसर्‍यांकडून अपेक्षिलेला, आणि जग आपल्याकडून अपेक्षितें असें वाटणारा. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा फरक हा कीं काम्यूनें ग्रांला एक डॉक्टर दिला आहे. डॉक्टर रियू दिवसभर प्लेगचे रोगी पाहून थकलेला असतो, आणि तरी तें एकच वाक्य पुन्हां पुन्हां ऐकतो. तो हंसत नाहीं, समजूतहि घालीत नाहीं.

नाताळच्या सुमारास ग्रां स्वतः प्लेगनें आडवा होतो आणि हस्तलिखित मागवितो. पन्नासेक पानें, पानोपानीं तेंच वाक्य, खोडून, फिरवून, सजवून. शेवटच्या पानावर ताज्या शाईनें झानला लिहूं घेतलेलें पत्र. जाळून टाका, असें तो म्हणतो, आणि रियू जाळतो. दुसर्‍या दिवशीं ताप उतरलेला असतो. पुढें शहराचे दरवाजे उघडल्यावर ग्रां डॉक्टरला आपण होऊन सांगतो कीं झानला पत्र लिहिलें, आतां बरें वाटतें. आणि तें वाक्यहि पुन्हां हातीं घेतलें आहे, विशेषणें तेवढीं सगळीं काढून टाकलीं.